दादाच्या दाराची कडी

दोन वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका शनिवारी आई, दादा आणि मी बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठीची एक निवासी संस्था पाहायला गेलो होतो. जागा ठाण्यापासून तासाभराच्या अंतरावर, भोवताल हिरवागार, आणि फरशी इतकी लख्ख की आईने न सांगता चपला उंबऱ्याबाहेर काढल्या. व्यवस्थापक अगत्याने बोलत होते, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन जात होते, खाटांवरच्या चादरी सुरकुती न पडता ताणलेल्या होत्या. साडेतीनच्या सुमारास दादाने चहा मागितला. स्वयंपाकघरातल्या ताईंनी अतिशय मायेने सांगितले, "चहा साडेचारला असतो हं, राजा." दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, डब्यांच्या कपाटाला लावलेल्या कुलपाकडे पाहिले आणि तो सरळ बाहेर जाऊन गाडीत बसला. परतताना तो एवढेच म्हणाला, "तिथे चहा नाही."

"अरे, साडेचारला मिळतो की," आई म्हणाली.

"तिथे चहा नाही," दादा पुन्हा म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

त्या दिवशी आईला वाटले की त्याला नीट कळले नाही. मला मात्र घरी पोहोचेपर्यंत कळून चुकले होते की आम्हा तिघांत नेमके त्यालाच कळले होते.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे. येत्या मार्गशीर्षात त्याला ५२वे वर्ष लागेल. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तो आणि ७८ वर्षांची आई असे दोघे राहतात. मी लग्नानंतर ऐरोलीला गेले. दादाला बेरीज जमत नाही, पण टीएमटीची कोणती बस स्टेशनला जाते आणि कोणती जात नाही हे तो मला सांगतो. सकाळी तो कार्यशाळेत जातो, तिथे कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या आधी उटण्याची पाकिटे तयार करतो, आणि महिन्याच्या शेवटी मिळालेले मानधन आईच्या हातात देऊन त्यातले पन्नास रुपये परत मागून घेतो. त्याला नोटा रंगावरून ओळखता येतात, किंवा येत असत असे म्हणायला हवे. त्याच्या लेखी निळी नोट शंभराची होती. २०१६च्या नोटाबंदीनंतर एकेक करून नव्या नोटा आल्या, पन्नासची नोट निळी झाली, शंभराची जांभळट झाली, आणि वीस वर्षे घोटून घेतलेला धडा एका वर्षात निकामी झाला. आई पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसली. अशा माणसाला एकदा शिकवून मोकळे होता येत नाही, हे ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांना समजावणे फार कठीण जाते.

जाता जाता एक तक्रार नोंदवून ठेवते. पालकांच्या बैठकांपासून सरकारी कागदांपर्यंत सर्वत्र या माणसांना 'मुले' म्हटले जाते. दादाच्या कानामागचे केस पांढरे झाले आहेत, त्याला चाळिशीचा चष्मा लागला आहे, आणि तरीही तो 'विशेष मूल' आहे. हा केवळ शब्दाचा प्रश्न असता तर मी तो सोडून दिला असता. परंतु ज्याला आपण मूल म्हणतो त्याच्या चहाची वेळ आपण ठरवतो, त्याच्या दाराला कडी ठेवत नाही आणि तो कोणासोबत राहील हे त्याला विचारत नाही. मुलांची सोयही आपल्याकडे त्या मानाने बरी आहे. ठाणे महापालिकेची 'जिद्द' शाळा आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचे ईटीसी हे दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, खारघरला राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. अठराव्या वर्षानंतर वाट अरुंद होत जाते, आणि आईवडील म्हातारे होतात तेव्हा ती एका प्रश्नाशी येऊन थांबते. तो प्रश्न या घरांमध्ये पूर्ण वाक्यात कोणी विचारत नाही. "आमच्यानंतर?" एवढेच म्हणतात आणि समोरचा मान हलवतो.

आमच्याकडे हा प्रश्न बाबा गेल्यावर, म्हणजे २०१४ साली, पहिल्यांदा कागदावर आला. बाबा राज्य शासनाच्या नोकरीत होते. त्यांचे कुटुंब निवृत्तिवेतन आईला सुरू झाले, आणि स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ते आईनंतर आयुष्यभर मिळू शकते, त्यासाठी त्याची नोंद आधीच करून ठेवलेली बरी, हे त्यांच्या कार्यालयातल्या एका जुन्या सहकाऱ्याने घरी येऊन सांगितले. त्याच वेळी हेही कळले की दादा अठरा वर्षांचा झाला त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने आई त्याची पालक राहिलेलीच नव्हती. आई आहे, पण पालक नाही, ही गोष्ट तिच्या पचनी पडायला बरेच दिवस गेले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी १९९९ साली राष्ट्रीय न्यास अधिनियम झाला. त्याच्या तेराव्या कलमानुसार जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि स्वतः दिव्यांग असलेली एक व्यक्ती अशी तिची रचना आहे, आणि चौदाव्या कलमाखाली ही समिती प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. अनेकांना हे जाचक वाटते. मला ते वाटले नाही, कारण दादाच्या पैशांचा हिशेब माझ्याकडे कोणी तरी मागितला पाहिजे, आणि तो कोणी नातेवाइकाने मागण्यापेक्षा कायद्याने मागितलेला बरा.

पालक नेमून घेण्यासाठी कोर्टनाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात घातलेल्या फेऱ्यांमधला एक प्रसंग मात्र लक्षात राहिला. कागद तपासून झाल्यावर समोरच्या बाईंनी आमच्याकडे न पाहता दादाला विचारले, "तुम्हाला कोणाजवळ राहायला आवडेल?" आईने उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच दादा म्हणाला, "मी नौपाड्यात राहतो." बाईंनी पुन्हा विचारले, "कोणाजवळ?" दादाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "नौपाड्याजवळ." आम्ही हसलो, पण ते उत्तर खरे होते. माणूस माणसांइतकाच गल्लीजवळही राहतो. कोपऱ्यावरच्या वाण्याजवळ, कोपिनेश्वराच्या घंटेजवळ आणि संध्याकाळी तलावपाळीवर ठरलेल्या कठड्याजवळ राहतो. दादाला उचलून तासभर लांबच्या हिरव्यागार जागी ठेवले की त्याचा तो सगळा गोतावळा एका फटक्यात संपतो.

जगात हा प्रश्न आपल्या आधी अनेकांनी सोडवायला घेतला आणि आधी तो भयंकर चुकवून पाहिला. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर विलोब्रूक नावाची, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीची एक सरकारी संस्था होती. चार हजार माणसांसाठी बांधलेल्या त्या जागेत साठच्या दशकात सहा हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. १९७२ साली दूरचित्रवाणीवर तिथली दृश्ये दाखवली गेली, पालकांनी खटला भरला, १९७५ साली न्यायालयात करार झाला आणि माणसांना वस्त्यांमधल्या लहान घरांत हलवण्याचे काम सुरू झाले; संस्था कायमची बंद व्हायला १९८७ उजाडले. पुढे १९९९ साली, म्हणजे योगायोगाने आपला न्यास कायदा झाला त्याच वर्षी, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्मस्टेड खटल्यात सांगितले की समाजात राहू शकणाऱ्या व्यक्तीला विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे.

इथवरचा इतिहास ऐकून पालक मान डोलावतात. त्यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. लहान घरे झाली, एकेका घरात चार-सहा माणसे राहू लागली, आणि तरी काही घरांमधला कारभार जुन्या संस्थेसारखाच चालू राहिला: ठरलेल्या वेळी जेवण, ठरलेल्या वेळी दिवे बंद, आणि फ्रीजला कुलूप. इमारत लहान केल्याने आतला स्वभाव लहान होत नाही. म्हणून २०१४ साली तिथल्या केंद्र सरकारने मेडिकेड या सरकारी आरोग्यसाहाय्य योजनेच्या पैशांवर चालणाऱ्या अशा निवासांसाठी नियम काढला, आणि त्यातल्या अटी वाचताना मला दादाचे "तिथे चहा नाही" आठवले. राहणाऱ्याच्या खोलीला त्याला स्वतःला लावता येईल असे कुलूप असावे. खोलीत दुसरे कोणी राहणार असेल तर ते कोण, हे निवडण्याची मुभा असावी. खाण्याची वस्तू कोणत्याही वेळी मिळावी. त्याला हवे ते कोणीही, केव्हाही भेटायला यावे. यातली एखादी मुभा काढून घ्यायची असेल तर ती सर्वांसाठी सरसकट नव्हे, त्या एका माणसापुरती, कारण लेखी नोंदवूनच काढता येते. याला अर्थ आहे. प्रॅडर-विली सिंड्रोम असलेल्या व्यक्तीची भूक शमतच नाही, तिच्यासाठी अन्न कुलपात ठेवणे हा उपचाराचा भाग असू शकतो. परंतु एकासाठी लावलेले कुलूप पंचवीस जणांच्या पानावर बसते, तेव्हा त्यात उपचार उरत नाही.

याच अनुभवातून 'ग्रुप होम' आणि 'सपोर्टेड लिव्हिंग' यांच्यातला फरक स्पष्ट होत गेला. दोन्ही शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरले जातात, म्हणून तो सांगते. ग्रुप होममध्ये घर आणि मदत एकाच संस्थेची असते. संस्थेशी बिनसले तर माणसाचे घरही जाते. सपोर्टेड लिव्हिंगमध्ये, ज्याला मी 'साहाय्यासह राहणे' म्हणते, घर त्या माणसाचे किंवा त्याच्या नावाने भाड्याचे असते, आणि मदतनीस वेगळीकडून येतो. मदतनीस बदलला तरी पत्ता बदलत नाही. आपल्या २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे पाचवे कलम याच दिशेने बोलते: समाजात राहण्याचा हक्क, आणि कोणत्याही विशिष्ट निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती नसणे. राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' ही प्रौढांच्या सामूहिक निवासाची योजना होती, 'समर्थ' थोड्या मुदतीच्या निवासाची. पुढे दोन्ही एकत्र जोडल्या गेल्या. बदलापूरजवळ मुळगावला पालकांनीच उभारलेली 'आधार' ही संस्था आहे, आणि ज्या काळात दुसरे काहीच नव्हते त्या काळात पालकांनी असे निवास उभे केले, हे विसरून मोठ्या संस्थांना नावे ठेवणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यासारखे आहे. ज्याला रात्रंदिवस दोन माणसांची मदत लागते, ज्याच्यामागे भावंड नाही, त्याच्यासाठी अशी संस्था हाच शहाणपणाचा निर्णय असू शकतो. दादासाठी तो नव्हता, इतकेच मी सांगू शकते.

मग गेल्या वर्षी दादाच्या कार्यशाळेतल्या चौघांच्या घरच्यांनी मिळून त्या चौघांना राहण्यासाठी घोडबंदर रस्त्याच्या आतल्या बाजूला दोन शयनगृहांचा फ्लॅट भाड्याने घ्यायचे ठरवले. पहिल्या गृहनिर्माण सोसायटीत आम्ही तीन आठवडे घातले. सभेत एका गृहस्थांनी विचारले, "रात्री ओरडतात का?" दुसऱ्यांनी विचारले, "लहान मुलींचे काय?" आणि तिसऱ्यांनी, ज्यांचा आवाज सर्वांत सौम्य होता, सुचवले की अशा लोकांना निसर्गाच्या सान्निध्यात ठेवणे त्यांच्याच हिताचे असते. आम्ही चौघांची वैद्यकीय प्रमाणपत्रे आणि पोलीस पडताळणीचे कागद घेऊन बसलो होतो. चार अविवाहित तरुण आयटीवाले आले असते तर त्यांना फक्त अनामत रक्कम विचारली असती. नकार लेखी आला नाही. फ्लॅटच्या मालकांचा फोन लागेनासा झाला.

दुसरीकडे जमले. करार अकरा महिन्यांचा आहे. त्यावर चारही राहणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांच्या वतीने त्यांच्या नेमलेल्या पालकांच्या सह्या आहेत. दलालाने एकाच पालकाच्या नावाने करार करून मोकळे व्हा असा आग्रह धरला होता, तो आम्ही मानला नाही. भाडे ३६ हजार, पाळीपाळीने येणाऱ्या तीन मदतनीसांचे मिळून ५४ हजार, किराणा-गॅस-विजेचे साधारण २२ हजार. म्हणजे प्रत्येक घराच्या वाट्याला महिन्याला २८ हजार रुपये येतात. औषधोपचारासाठी न्यासाच्या 'निरामय' विम्याचे वर्षाला एक लाखापर्यंतचे कवच आहे, तेवढाच आधार. हे आकडे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा घरांच्या गोष्टी सांगताना पैशांविषयी कोणी बोलत नाही. आमच्या चारही घरांत निवृत्तिवेतन किंवा नोकरी करणारे भावंड आहे. आमच्या कार्यशाळेतल्या ज्या आईला चार घरची धुणीभांडी करून मुलाला रिक्षाने आणावे लागते, तिला हा मार्ग खुला नाही, आणि शासनाने हात आखडता घेतला आहे तोवर तो खुला होणारही नाही.

तिसऱ्या आठवड्यात आमचा सकाळचा मदतनीस कोणाला न सांगता गावी निघून गेला. माझा जीव टांगणीला लागला. चार दिवस मी आणि दुसऱ्या घरातले एक काका आलटून पालटून तिथे राहिलो. परंतु त्या चार दिवसांत खोल्या, खाटा, शेजारी आणि कोपऱ्यावरचे इस्त्रीचे दुकान यातले काहीच बदलले नाही. पुस्तकी वाटणारा तो फरक मला तेव्हा प्रत्यक्ष दिसला.

खरा वाद झाला तो दाराच्या कडीवरून. दादाला लहानपणापासून फिट येतात. गोळ्यांमुळे वर्षातून एखादीच येते, पण येते. त्याला आतून कडी हवी होती, कारण त्याच्या खोलीतला सोबती न विचारता रेडिओ लावतो, आणि दुपारी तो सोबती बैठकीच्या खोलीत असताना दादाला दार लावून एकटे पडायचे असते. आईने साफ नकार दिला. "आत फिट आली तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते आहे असे दाखवण्यातही अर्थ नव्हता. रात्रीच्या मदतनीसाने, ज्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, तोडगा सुचवला: बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येईल अशी, स्नानगृहाच्या दाराला असते तशी लॅच बसवा. नाणे दाराच्या चौकटीवर ठेवलेले असते. ते केव्हा वापरायचे हेही ठरले आहे: आधी हाक मारायची, मग टकटक करायची, तरी उत्तर आले नाही तर दार उघडायचे. आतापर्यंत ते नाणे दोनदा वापरले गेले. दोन्ही वेळा दादा कानात तार घालून क्रिकेटचे समालोचन ऐकत होता आणि दोन्ही वेळा तो अतिशय रागावला.

चहाची व्यवस्था आईने केली. नौपाड्यातले तिचे जुने पातेले तिने त्याला दिले. त्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने दोन रेघा ओढल्या आहेत: खालची एका कपाची, वरची चौघांची. पाणी रेघेपर्यंत, मग साखर, मग पूड, मग दूध, आणि वर आले की इंडक्शनचे लाल बटण. चौघांपैकी एकाला मधुमेह आहे, म्हणून साखरेवरून रोज कुरबुर होते. आईच्या मते त्या गृहस्थांच्या कपात साखर पडूच नये. त्यांच्या स्वतःच्या मते अर्धा चमचा पडावा. हा विषय अजून मिटलेला नाही. तसा तो माझ्या सासरीही मिटलेला नाही.

दादा आधी शुक्रवार ते रविवार जात होता. आता आठवड्यातले चार दिवस तो तिथे असतो आणि तीन दिवस नौपाड्यात. तलावपाळी त्याने सोडलेली नाही, बसने येतो. आईला त्या चार दिवसांत काय करावे ते सुचत नाही. पन्नास वर्षे ती रात्री एकदा उठून त्याच्या अंगावरचे पांघरूण पाहत आली. आता ती उठते, रिकाम्या खाटेपर्यंत जाते आणि परत येते, असे तिने मला एकदाच सांगितले आणि पुन्हा तो विषय काढू दिला नाही. तिच्या हयातीत, ती फोनवर असताना, चुका सुधारता येत असताना हे करून पाहायचे, असे आम्ही ठरवले होते. तिच्या जाण्यानंतर एकाच आठवड्यात त्याची आई आणि त्याचे घर अशी दोन्ही जाऊ नयेत. हे तिला पटलेले आहे. पटणे आणि सोसणे या दोन गोष्टी आहेत, हे मला तिच्याकडे पाहून कळते.

गेल्या बुधवारी आईने त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या आणि डबा माझ्या हाती दिला. मी कार्यालयातून लवकर निघून साडेतीनच्या सुमारास तिथे पोहोचले. घंटा वाजवली. बऱ्याच वेळाने आतले दार उघडले आणि सेफ्टी डोअरच्या जाळीमागे दादा उभा राहिला, केस विस्कटलेले, चष्मा हातात.

"मी झोपलोय," तो म्हणाला.

"अरे, पुरणपोळी आणली आहे. उघड."

त्याने डब्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग आत वळून घड्याळाकडे पाहिले. "साडेचारला ये," तो म्हणाला आणि दार लावून घेतले.

मी खाली येऊन उद्वाहनाशेजारच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसले. पाचच मिनिटांत आईचा फोन आला. "दिल्यास का पोळ्या? काय म्हणाला?" तिने विचारले. साडेचारला अजून पन्नास मिनिटे होती.